कुलुपें

गेल्या मार्चमधील गोष्ट. लॉस एंजलिस येथें मुलीकडे मी चार-सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलों होतों. परमुलखांत म्हाताऱ्या माणसाचा दिवस मोठा लांबतो. पण संध्याकाळीं नात शाळेंतून घरीं आली, कीं माझा वेळ भरभर जाऊं लागे. ती आपलीं वह्यापुस्तकें जेवणाच्या टेबलावर पसरून बसे, आणि तीस वर्षें मास्तरकी केलेला मी कोणीं न बोलावतां शेजारची खुर्ची ओढून घेई. एके दिवशीं तिनें एक छापील कागद माझ्यापुढें सरकवला व म्हणाली, “आजोबा, मला वर्गांत पांच मिनिटं बोलायचं आहे. ह्यांतलं काय सांगूं, तें तुम्ही निवडून द्या.”

कागदावर मागण्यांची एक यादी होती. १९६८ च्या मार्चमध्यें ह्याच शहराच्या पूर्वभागांतील हजारों विद्यार्थी भरल्या वर्गांतून उठले आणि रस्त्यावर आले. त्यांनीं व त्यांच्या पालकांनीं शाळामंडळापुढें ज्या मागण्या ठेवल्या, त्यांतल्या कांहीं त्या कागदावर उतरून घेतल्या होत्या. मीं चष्मा लावला. शिक्षण दोन भाषांतून द्यावें. आमच्या लोकांचा इतिहास शिकवावा. आमच्या समाजांतील शिक्षक व मुख्याध्यापक नेमावे. वर्गांतील गर्दी कमी करावी. नवीं हायस्कुलें बांधावीं. इथवर सारें भारदस्त होतें. कोणत्याहि शिक्षणपरिषदेंत शोभावें असें. आणि मग त्याच रांगेंत, त्याच अक्षरांत, आणखी एक मागणी होती : शाळेंतील शौचकूप मुलांसाठीं उघडे असावे, त्यांना कुलुपें घालूं नयेत.

“ही नको,” नात म्हणाली. “ही वाचली तर सगळीं हंसतील.”

मलाहि तें पटलें. मीं त्या ओळीवर पेन्सिलीनें काट मारली. त्या रात्रीं मला नीटशी झोप लागली नाहीं. ती कां लागली नाहीं, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच; पण त्याआधीं त्या मुलांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे.

हीं मुलें चिकानो समाजाचीं. अमेरिकेंत जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना हें नांव आहे. एके काळीं तें हिणविण्यासाठीं वापरलें जाई. १९६० नंतरच्या तरुणांनीं तें हट्टानें उचललें आणि अभिमानानें मिरविलें. ह्या लोकांना परके समजणें ही एक मौजच म्हटली पाहिजे. लॉस एंजलिस हें गांव १७८१ सालीं स्पॅनिश राजवटींत वसलें. त्याचें नांव स्पॅनिश, त्याच्या कितीतरी रस्त्यांचीं आणि टेकड्यांचीं नांवें स्पॅनिश. १८४८ च्या तहानें कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या हातून अमेरिकेच्या हातीं गेला. पुढें पोटासाठीं उत्तरेकडे आलेले पुष्कळ. पण कांहींचे पूर्वज होते तेथेंच राहिले, आणि देश मात्र बदलला.

कॅलिफोर्नियांतील पुष्कळ गांवीं मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेंत बसविण्याची चाल होती. मेंडेझ नांवाच्या कुटुंबानें व आणखी कांहीं पालकांनीं तिच्याविरुद्ध फिर्याद केली, आणि १९४७ सालीं वरिष्ठ न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला. कायद्यानें भिंत पडली खरी; पण वस्ती वेगळी, तेव्हां शाळाहि वेगळीच राहिली. वर्ग दाटीचे, पुस्तकें जुनींपानीं. मुलगा असला तर त्याला कारखान्यांतील हस्तकामाकडे वळवावें, मुलगी असली तर तिला टंकलेखन शिकवावें, असा रिवाज. कॉलेजची वाट तुमची नव्हे, असें मुलांना तोंडानें कोणी सांगो न सांगो, सारी शाळा तें रोज सांगत असे. गारफील्ड नांवाच्या हायस्कुलांत तर निम्म्याहून अधिक मुलें शेवटच्या वर्गापर्यंत पोंचतच नसत. आणि स्पॅनिश शब्द तोंडून निघाला तर शिक्षा ठरलेली.

टेक्सास प्रांतांतील कारभार ह्याहून कडक. तेथें कांहीं शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेत, फळ्यावर वाक्यें लिहवून घेत. मार्फा नांवाच्या लहानशा गांवीं मेक्सिकन मुलांची ब्लॅकवेल नांवाची शाळा होती. १९५० नंतरच्या दशकांत एके दिवशीं तेथील मुलांकडून कागदाच्या चिटोऱ्यांवर स्पॅनिश सोडल्याची कबुली लिहवून घेतली, ते चिटोरे पेटींत घातले आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ती पेटी पुरली. ‘मिस्टर स्पॅनिश’ यांचा तो दफनविधि! २००७ सालीं तेथील माजी विद्यार्थी पुन्हां जमले आणि त्यांनीं ती पुरलेली भाषा प्रतीकरूपानें वर काढली. जिवंत माणसांच्या तोंडची भाषा पुरणें हें अजब खरें. पण पन्नास वर्षांनीं ती उकरून काढावीशी वाटणें, हें मला त्याहून अर्थपूर्ण वाटतें.

लॉस एंजलिसच्या लिंकन हायस्कुलांत साल कॅस्ट्रो नांवाचे एक शिक्षक होते. जन्म १९३३ चा, ह्याच शहरांतला; आईबाप मेक्सिकन. मुलांच्या मनांत जें धुमसत होतें, त्याला त्यांनीं वळण दिलें. मुलांनीं आधीं रीतसर मार्ग चोखाळला. तक्रारी गोळा केल्या, वरिष्ठांपुढें मांडल्या. दाद लागली नाहीं. तेव्हां त्यांनीं एक साधें गणित मांडलें. शाळांना सरकारी पैसा मिळे तो मुलांच्या हजेरीच्या मानानें. मुलें वर्गाबाहेर गेलीं तर खजिन्याला चाट बसेल, आणि खजिन्याला चाट बसली म्हणजे बहिऱ्यासहि ऐकूं येतें.

१ मार्चला विल्सन हायस्कुलांत ठिणगी पडली. मुलें बसवीत असलेलें एक नाटक मुख्याध्यापकांनीं रद्द केलें; मुलें उठून गेलीं. पुढच्या आठवड्यांत गारफील्ड, रूझवेल्ट, लिंकन, बेलमाँट अशा एकामागून एक शाळा ओस पडूं लागल्या. रूझवेल्टचीं फाटकें बंद केलेलीं होतीं. मुलें कुंपणावरून चढून बाहेर आलीं. कांहीं ठिकाणीं पोलिसांनीं दंडुके चालविले. आठवडाभरांत बाहेर पडलेल्यांचा आंकडा दहा हजारांच्या पुढें गेला असा अंदाज आहे. लिंकनच्या मुलांबरोबर कॅस्ट्रोहि बाहेर पडले. मुलें निघून गेल्यावर रिकाम्या बाकांना शिकवीत बसण्यापेक्षां मास्तरानें दुसरें करावें तरी काय?

२८ मार्चला शाळामंडळाची सभा लिंकन हायस्कुलांतच भरली. हजारावर लोक जमले. मागण्या बहुतेक रास्त आहेत, पण पैसा नाहीं, हें जगांतील सर्व मंडळांचें ठरीव उत्तर त्यांना मिळालें. मेच्या अखेरीस तेरा जणांवर आरोप ठेवण्यांत आले. कॅस्ट्रो त्यांतील एक. शांतताभंग हा किरकोळ गुन्हा. पण त्यासाठीं कट केला असें म्हटलें, म्हणजे तोच गुन्हा भारी होतो. कॅस्ट्रोंना वर्गावरून दूर करण्यांत आलें. तेव्हां सप्टेंबरच्या अखेरीस पालक शाळामंडळाच्या सभागृहांत जाऊन ठाण मांडून बसले. तेथेंच खाल्लें, तेथेंच निजले. पस्तीस जणांना अटक झाली, आणि कॅस्ट्रो वर्गावर परत आले. तेरा जणांवरील तो आरोप १९७० सालीं वरच्या कोर्टानें रद्द केला.

ह्या सर्वांतून लाभलें काय? ताबडतोब म्हणाल, तर फारसें नाहीं. पण हळूहळू कॉलेजांचीं दारें किलकिलीं झालीं. चिकानोंच्या इतिहासाचे अभ्यासक्रम सुरू झाले. १९६९ च्या डिसेंबरांत टेक्सासांतील क्रिस्टल सिटी येथील मुलांनीं तोच मार्ग धरला आणि महिन्याभरांत आपल्या बहुतेक मागण्या पदरांत पाडून घेतल्या. लॉस एंजलिसच्या विद्यार्थी-पुढाऱ्यांपैकीं व्हिकी कॅस्ट्रो ही १९९३ सालीं त्याच शाळामंडळावर निवडून गेली. दोन भाषांतून शिक्षण देण्याची गोष्ट मात्र कधीं पुढें तर कधीं मागें जात राहिली. १९९८ सालीं कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं तिला जवळजवळ बंदी केली, आणि २०१६ सालीं मतदारांनींच ती उठविली. नव्या हायस्कुलांचें पहावें, तर बॉइल हाइट्स वस्तींत नवें हायस्कूल उघडलें तें २००९ सालीं. त्याला मेंडेझ पतिपत्नींचें नांव आहे. पुढच्याच वर्षीं एका शाळेला साल कॅस्ट्रोंचें नांव मिळालें. तें पाहावयास ते हयात होते. २०१३ सालीं ते वारले. मागणी आणि इमारत ह्यांच्यामध्यें एकेचाळीस वर्षें गेलीं. कुंपणावरून उड्या मारणारीं मुलें तोंवर साठीच्या घरांत आलीं होतीं.

ही सारी कथा मीं नातीला सांगितली तेव्हां तिनें सहज विचारलें, “आजोबा, तुमच्या शाळेंतल्या मुलांनीं असं कधीं केलं होतं?”

“नाहीं ग,” मी म्हणालों. “आमच्याकडे तशी वेळच आली नाहीं.”

हें उत्तर देतांना मला कसलीहि शंका आली नाहीं. अंथरुणावर पडल्यावर मात्र तें टोचूं लागलें.

मी एका जिल्ह्याच्या गांवीं इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत शिक्षक होतों. शाळा नांवाजलेली, तींत मुलाचा प्रवेश व्हावा म्हणून वर्षभर लोकांच्या खेपा चालत. आमच्या शाळेंत एक नियम होता : आवारांत मराठी बोलावयाचें नाहीं. जो बोलेल त्यानें दर खेपेस चार आणे द्यावयाचे. माझ्या वर्गाचा दंड एका पत्र्याच्या डब्यांत जमे. डबा माझ्या टेबलाच्या खणांत असे. खणाला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशांत. वर्षअखेर त्या पैशांतून बक्षिसाचीं पुस्तकें येत. हा नियम कोणीं केला, हें मला ठाऊक नव्हतें, आणि विचारावें असें कधीं वाटलेंहि नाहीं. मुलांच्या हिताचा आहे, एवढें मला पुरे होतें. रात्रीं मी घरीं मराठी मासिकें वाचीत असें, मित्रांच्या बैठकींत मराठीच्या दुर्दशेवर तावातावानें बोलत असें. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं खणांतून डबा काढून टेबलावर ठेवीत असें. ह्या दोहोंमध्यें कांहीं विसंगति आहे, असें मला एकदांहि वाटलें नाहीं.

एका वर्षीं पांचवीच्या वर्गांत एक मुलगी नव्यानें आली. शेजारच्या खेड्यांतली, बाप एस. टी. मध्यें कंडक्टर. पोटाला चिमटा घेऊन त्यानें तिला आमच्या शाळेंत घातलें होतें. गणितांत तिचा हात धरणारें वर्गांत कोणी नव्हतें. पहिल्या पंधरवड्यांत तिचे बरेच चार आणे डब्यांत पडले. मग ते पडेनासे झाले. मला वाटलें, मुलगी सुधारली. ती सुधारली नव्हती. तिनें बोलणेंच सोडलें होतें.

एके दुपारीं मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहीत होतों. मागें खसखस पिकली म्हणून वळून पाहिलें. ती आपल्या जागीं मान खालीं घालून बसली होती, आणि तिच्या बाकाखालीं ओल पसरत होती. बाहेर जाण्याची परवानगी इंग्रजींत कशी मागावी, तें तिला आठवलें नव्हतें. आणि मराठींत मागावी, तर त्या दिवशीं तिच्याजवळ चार आणे नव्हते. हें मला तिच्या शेजारणीनें मागाहून सांगितलें. त्या वेळीं मीं काय केलें? शिपायाला बोलावून जागा पुसून घेतली, हंसणाऱ्यांना दटावलें आणि राहिलेलें उदाहरण पुरें केलें. मी तिच्यावर रागावलों नाहीं, ह्याबद्दल मला स्वतःचें थोडें कौतुकहि वाटलें असावें. दिवाळीच्या सुटीनंतर ती परत आली नाहीं. बापानें दाखला नेला. दाखल्यावर शाळा सोडण्याचें कारण लिहावें लागतें. मीं लिहिलें, ‘पालकांच्या विनंतीवरून’.

शिक्षणखात्याच्या भाषेंत ह्याला ‘गळती’ म्हणतात. शब्द मोठा सोयीचा आहे. फळ गळलें तर झाडाला कोणी बोल लावीत नाहीं. पान गळलें तर तो ऋतूचा धर्म. इंग्रजींतहि मध्येंच शाळा सोडणाऱ्या मुलाला असाच, आपोआप गळून पडल्याचा शब्द आहे. चिकानो चळवळींतील लोकांनीं तो नाकारला. हीं मुलें गळलीं नाहींत, त्यांना बाहेर ढकललें, असें ते म्हणत. मीं त्या मुलीला ढकललें नव्हतें. मीं तिच्या अंगाला बोटहि लावलें नव्हतें. पण आमच्या शाळेंतील शौचकूपाला कुलूप नव्हतें म्हणून तें उघडें होतें, असें आतां मला म्हणवत नाहीं. तें कुलूप माझ्या खणाला होतें, आणि किल्ली माझ्या खिशांत होती.

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे तरुणपणीं, १९२८ सालीं, टेक्सासांतील कोटुला गांवीं मेक्सिकन मुलांच्या शाळेंत मास्तर होते. मुलांवर त्यांची माया होती. त्यांच्यासाठीं ते पदरमोड करून खेळाचें सामान आणीत. आणि मैदानांत एखादा मुलगा स्पॅनिश बोलतांना सांपडला तर त्याला चोप देत. त्याच जॉन्सननीं २ जानेवारी १९६८ रोजीं, म्हणजे मुलें रस्त्यावर येण्याच्या दोनच महिने आधीं, द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. चोप देणारा हात आणि सही करणारा हात एकच. हें वाचून मला बरें वाटलें, आणि लाजहि वाटली. मास्तर दुष्ट असावा लागतो असें नाहीं. मायाळू मास्तराच्या हातूनहि तें घडतें, म्हणून तर तें इतकीं वर्षें चालतें. परंतु त्यांना सही करावयाला एक कायदा तरी मिळाला. माझ्या हातीं पेन्सिल होती, आणि त्या पेन्सिलीनें मीं त्याच संध्याकाळीं ती मागणी दुसऱ्यांदा बंद केली होती.

त्या रविवारीं मुलीनें मला बॉइल हाइट्समध्यें नेऊन रूझवेल्ट हायस्कूल दाखविलें. रविवार असल्यानें फाटक बंद होतें. ह्या चळवळीला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, २०१८ सालीं, तींतील शाळांची गणना देशांतील धोक्यांत आलेल्या ऐतिहासिक स्थळांत झाली. कारण रूझवेल्टची जुनी मुख्य इमारत पाडून नवी बांधण्याची योजना होती. कोणी म्हणत, ह्याच दारांतून मुलें बाहेर पडलीं, तीं दारें जपा. कोणी म्हणत, चांगल्या शाळा द्या हेंच तर तीं मुलें मागत होतीं, मग नवी इमारत कां नको? दोन्ही पक्षांचें म्हणणें मला खरें वाटलें. स्मारकाची हीच अडचण असते. दगड-विटा जपल्या तर मागणी मागें पडते. मागणी पुरी केली तर दगड-विटा जातात. माझ्यासारख्या मास्तरानें तर ह्या वादांत पडूंच नये. त्यानें एवढेंच पाहावें, कीं मुलें काय मागत होतीं तें पुरतें वाचलें जातें कीं नाहीं. भारदस्त तेवढें ठेवून बाकीचें कोणी गाळीत तर नाहीं. इतिहास शिकवा, ही मागणी विद्वानाला कळते. दोन भाषांतून शिकवा, ही राज्यकर्त्याला कळते. पण शौचकूपाचें कुलूप काढा, ही मागणी ज्या मुलानें कळ सोसली आहे त्यालाच सुचते. आणि ती मोठ्यांच्या यादींत मोठ्यांच्या बरोबरीनें लिहावयाला जें धैर्य लागतें, तें कुंपणावरून उडी मारण्याहून कमी नाहीं.

घरीं परत आल्यावर मीं नातीला तो कागद मागितला व रबरानें माझी काट पुसून काढली. तिनें विचारलें, “कां?” तेव्हां मीं तिला त्या मुलीची गोष्ट सांगितली; डब्याची, किल्लीची, दाखल्याची, सारी. ह्याच नातीला मराठी यावें म्हणून तिची आई दर रविवारीं तिला मराठी वर्गाला घेऊन जाते. मराठीसाठीं कोणी पैसे घेई हें प्रथम तिला खरेंच वाटेना. मग ती बराच वेळ गप्प बसली. मला ती कांहीं बोलली असती तर बरें झालें असतें.

चार दिवसांनीं तिचें भाषण झालें. संध्याकाळीं ती घरीं आली तेव्हां मीं विचारलें, “मग? हंसलीं का मुलं?”

“दोघंतिघं हंसलीं,” ती दप्तर खालीं ठेवीत म्हणाली. “मग बाईंनीं मला तें वाक्य पुन्हां एकदां वाचायला सांगितलं.”